प्राणिसंग्रहालयातला गोरिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय पाहून आलेली मंडळी गोरिलाबद्दल जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. विषयच तसा आहे.

प्राणिसंग्रहालयात दिसतो तो गोरिला नेमका कोणता?

जवळजवळ नेहमीच पश्चिमी सखल प्रदेशातला गोरिला. कॅमेरून, गॅबन, काँगो, इक्वेटोरियल गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या पट्ट्यातल्या जंगलांतला. माहितीपटांत धुक्यातल्या डोंगरउतारावर बसलेला जो दाट केसांचा गोरिला दिसतो, तो पर्वतीय. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात तो नाही. त्याला पकडून जगवण्याचे जे थोडे प्रयत्न झाले, ते अंगाशी आले. शेजारच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात, रुमांगाबो इथे सेंक्वेक्वे केंद्र आहे. शिकाऱ्यांनी आईबाप मारलेली पर्वतीय गोरिलांची पोरकी पिल्लं तिथे सांभाळली जातात. पण ते अनाथालय आहे, प्रेक्षकांसाठी मांडलेलं प्रदर्शन नव्हे.

भारतात गोरिला कुठे पाहता येतो? मुंबई-पुण्यात का नाही?

आपल्याला पाहायचा तर म्हैसूर. तिथे १९९५ साली डब्लिनहून पोलो नावाचा नर आला आणि २०१४ मध्ये वारला. त्यातली बरीच वर्षं त्याने एकट्याने काढली. जोडीदारीण मिळवण्याचे प्रयत्न झाले, पण यश आलं नाही. मग २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन नर आले. दोन्ही नरच का, याचं उत्तर पुढे ‘जास्तीचे नर’ या प्रश्नात सापडेल.

राणीच्या बागेत किंवा कात्रजला गोरिला नाही. ‘पैसे भरले की आणता येईल’ अशी समजूत असते, पण गोरिला विकत मिळत नाही. युरोप आणि अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं प्रत्येक गोरिलाची वंशावळ नोंदवून ठेवतात, आणि कोणता प्राणी कुठे जाईल हे प्रजनन कार्यक्रमाचे समन्वयक ठरवतात. तुमच्याकडे जागा, डॉक्टर, शिकलेले कीपर (म्हणजे प्राण्यांची रोजची देखभाल करणारे) आणि ओल्या चाऱ्याची रोजची सोय आहे याची त्यांना खात्री पटली, तर प्राणी येतो. किंमत अशी नसते. खर्च मात्र भरपूर, आणि तो पुढची तीस-चाळीस वर्षं चालू राहतो.

पूर्वी पकडून आणलेले गोरिला फार जगत नसत, हे खरं आहे का?

खरं आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपात पोहोचलेली बहुतेक पिल्लं काही महिन्यांत मेली. न्यूमोनिया, हगवण, चुकीचं खाणं ही कारणं होतीच. पण त्याआधीची गोष्ट जास्त वाईट आहे. पिल्लू हाती लागायचं तर त्याची आई आणि मध्ये पडणारे कळपातले मोठे गोरिला मारावे लागत. म्हणजे पिंजऱ्यातल्या एका पिल्लामागे जंगलात कित्येक मढी. मानसिक धक्का बसलेलं, आईच्या दुधावरचं बाळ बोटीतून आठवडेच्या आठवडे प्रवास करून थंड शहरात पोहोचायचं. ते जगलं तरच नवल.

बंदिवासात जन्मलेलं पहिलं गोरिला पिल्लू २२ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस प्राणिसंग्रहालयात जन्मलं. तिचं नाव कोलो. आई मिली, बाप बॅरन मॅकोम्बो. वॉरन थॉमस नावाच्या, पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या तरुणाला ती जमिनीवर गर्भपिशवीतच पडलेली दिसली. त्याने पिशवी फाडली आणि तोंडाने श्वास देऊन तिला जगवलं. कोलो साठ वर्षं जगली, जानेवारी २०१७ मध्ये गेली. १९७०च्या दशकात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा साइट्स करार आला, गोरिला त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेला आणि जंगलातून पकडून आणण्याचा राजमार्ग बंद झाला. आज मोठ्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक गोरिला तिथेच जन्मलेले आहेत. काहींच्या तर दोन-तीन पिढ्या.

गोरिला एकटा ठेवला तर काय बिघडतं?

सगळंच. निसर्गात तो एक मोठा नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं अशा कुटुंबात राहतो. अमेरिकेतल्या अटलांटा प्राणिसंग्रहालयातला विली बी. हा एकटेपणाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९६१ मध्ये आलेला हा नर २७ वर्षं एका बंदिस्त खोलीत राहिला. सोबतीला टायरचा झोपाळा आणि एक टीव्ही. १९८८ मध्ये त्याला पहिल्यांदा मोकळं आवार मिळालं. त्यानंतर तो माद्यांसोबत रुळला, बापही झाला आणि २०००मध्ये गेला. या गोष्टीचा शेवट गोड म्हणून सांगतात. मला त्यातली २७ वर्षं जास्त दिसतात.

बँकॉकमध्ये आजही असंच चालू आहे. तिथल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर पाटा प्राणिसंग्रहालय आहे आणि त्यात बुआ नोई ही मादी कित्येक दशकं ठेवलेली आहे. जगभरातून मागण्या झाल्या, पैसे गोळा करायची तयारी झाली, तरी ती तिथेच राहिली. खासगी मालकीचा प्राणी असला की नियम किती तोकडे पडतात, ते इथे कळतं.

‘जास्तीचे नर’ म्हणजे काय भानगड आहे?

बंदिवासातल्या गोरिलांचा सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. प्रेक्षकांना त्याची फारशी कल्पना नसते.

नर आणि मादी पिल्लं साधारण सारख्याच संख्येने जन्माला येतात. पण एका कुटुंबात पाठीवर रुपेरी केस आलेला वयात आलेला नर, ज्याला सगळेच सिल्व्हरबॅक म्हणतात, सहसा एकच मावतो. मग चार माद्यांच्या एका कुटुंबामागे तीन नर उरतात. जंगलात असे तरुण नर आठ-दहा वर्षांचे झाले की बापाची छाया सोडतात, एकटे भटकतात, आणि नशीब असेल तर पुढे स्वतःचं कुटुंब उभं करतात. पुष्कळांना ते जमतही नाही. प्राणिसंग्रहालयात भटकायला जागा कुठली? मुलगा मोठा होऊन बापाच्या डोळ्यात खुपायला लागला की भांडणं सुरू होतात, आणि पावणेदोनशे किलोच्या नराचे सुळे म्हणजे खेळ नव्हे.

यावर सध्या तीन वाटा आहेत. पहिली आणि सर्वांत चांगली म्हणजे फक्त नरांचा गट. कॅनरी बेटांवरच्या लोरो पार्कमध्ये असा गट पूर्वीपासून आहे, अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी आहेत. पथ्यं ठरलेली आहेत: नर कोवळ्या वयातच एकत्र आणायचे, मादी नजरेच्या टप्प्यात नको, आणि पळून कोपऱ्याआड जायला प्रत्येकाला जागा हवी. दोन तोंडांच्या वाटा असाव्यात, कोंडी होईल असा एकही बोळ नको. तरुणपणी हे गट छान चालतात, दिवसभर कुस्त्या. पंधरा-सोळाव्या वर्षानंतर मात्र कधी फाटेल सांगता येत नाही. फाटलं की वेगळ्या खोल्या आणि आळीपाळीने बाहेर सोडणं.

दुसरी वाट म्हणजे प्रजननच आवरतं घेणं. माद्यांना गर्भनिरोधक देतात, बहुतेकदा बायका घेतात त्याच गोळ्या. पण माद्यांना फार वर्षं पिल्लंच झाली नाहीत, तर कळपातल्या तरुण माद्या बाळ सांभाळायचं कुठे पाहणार?

तिसरी वाट युरोपात काही ठिकाणी चोखाळली गेली आहे: लहानपणीच नराचं खच्चीकरण. असा नर मोठा झाला तरी पूर्ण सिल्व्हरबॅक होत नाही, म्हणून तो कुटुंबात राहू शकतो. व्यवहार म्हणून मला हे कळतं. पण जागा कमी पडते म्हणून प्राणीच कमी करायचा, हा हिशेब गळी उतरत नाही.

थाबो आणि डेम्बा म्हैसूरला आले, ते या चित्रात ठेवून पाहा. युरोपातल्या कार्यक्रमाला नरांसाठी चांगली जागा हवी असते, आपल्याला गोरिला हवा असतो. यात कमीपणा काही नाही. दोन नरांना नीट सांभाळणं ही खरी मदत आहे. फक्त ‘आता पिल्लं कधी?’ असं कीपरला विचारू नका.

गोरिला खातो काय? केळी?

केळी हे त्याच्या ताटातलं लोणचं समजा. मुख्य जेवण पाला.

पूर्वी प्राणिसंग्रहालयात गोरिलाला मांस, दूध, अंडी, पाव असं काहीही देत. नंतर माकडांसाठी कारखान्यात बनवलेली बिस्किटं आली. त्यांत जीवनसत्त्वं मोजूनमापून, शिवाय साठवायला सोपी. पण त्यांत पिष्टमय पदार्थ जास्त, चोथा कमी. जोडीला बाजारातली फळं, जी आपल्या जिभेसाठी गोड करत नेलेली. जंगली फळाशी त्यांचं नाव तेवढं जुळतं. परिणाम दोन झाले. एक, नर फुगले. दुसरा पाहणाऱ्याला शिसारी आणणारा: गोरिला खाल्लेलं ओकायचे आणि पुन्हा खायचे, दिवसातून अनेकदा. जंगलात हे वागणं दिसत नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयाने मोकोलो आणि बेबॅक या दोन नरांवर वेगळा प्रयोग केला. बिस्किटं पूर्ण बंद. त्याऐवजी प्रत्येकाला रोज चार-साडेचार किलो भाजीपाला: लेट्यूस, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं, लसूणघास, फरसबी, वर जवस, आणि झाडांच्या डहाळ्या. जीवनसत्त्वाची गोळी कुस्करलेल्या केळ्यात घालून. उष्मांक जवळजवळ दुप्पट झाले, तरी वर्षभरात दोघांचं वजन प्रत्येकी सुमारे तीस किलोंनी उतरलं. ओकून खाणं थांबलं. आधी दिवसाचा पाव भाग खाण्यात जायचा, आता निम्मा दिवस जायला लागला. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फांदी सोलायची, साल ओरबाडायची, देठ चावत बसायचं, यातच गोरिलाचा दिवस जायला हवा. दहा मिनिटांत बिस्किटं संपवलेला गोरिला उरलेल्या दिवसाचं करणार काय?

आता बहुतेक चांगल्या ठिकाणी दिवसातून चार-पाच वेळा, आवारभर विखरून, लपवून खाणं देतात. एकाच ढिगात टाकलं की सिल्व्हरबॅक मांडी घालून बसतो आणि बाकीचे दुरून बघत राहतात.

गोरिलाला हृदयविकार होतो?

होतो, आणि बंदिवासातल्या वयस्क नरांच्या मृत्यूचं ते एक प्रमुख कारण आहे. आपल्यासारख्या रक्तवाहिन्या तुंबत नाहीत. हृदयाच्या स्नायूत हळूहळू चिवट तंतू वाढतात आणि पंप ढिला पडतो. पूर्वी नर एके दिवशी अचानक मेलेला सापडायचा आणि शवविच्छेदनात कळायचं. अमेरिकेत महाकाय वानरांच्या हृदयावर एक प्रकल्प उभा राहिला. अनेक प्राणिसंग्रहालयं त्यात सोनोग्राफीच्या नोंदी पाठवतात.

खाण्याशी याचा संबंध आहे का, हे तपासताना एक मजेदार वनस्पती पुढे आली: आफ्रामोमम. आपल्या वेलदोड्याच्या आणि आल्याच्या कुळातली. पश्चिमी गोरिला जंगलात ती आवडीने खातात आणि तिच्यात दाह कमी करणारे घटक आहेत. बंदिवासातल्या ताटात ती नव्हती. म्हणून तीच कारण, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

दीडशे-दोनशे किलोच्या नराची सोनोग्राफी करतात कशी? भूल देऊन?

भूल शक्यतो टाळतात, कारण आधीच कमजोर हृदयाला तीच धोक्याची. त्याऐवजी शिकवतात. कीपर जाळीच्या अलीकडे, गोरिला पलीकडे. छाती जाळीला टेकवली की शिट्टी किंवा क्लिकचा आवाज आणि लगेच द्राक्ष. मग छातीला जेल लावू दिलं की द्राक्ष. मग यंत्राचा स्पर्श. महिनोन्‌महिने असं चालतं. शेवटी नर जागेपणी, स्वखुशीने, द्राक्षं खात तपासणी करून घेतो. तोंड उघडून दात दाखवणं, दंड पुढे करून सुई टोचून घेणं, रक्तदाबासाठी हात नळीत घालणं हेही असंच. कंटाळा आला तर तो उठून जातो. उठून जाण्याची मुभा हाच या पद्धतीचा कणा आहे.

कीपर आत जातात का? आज जवळपास कुठेच मोठ्या गोरिलांच्या सोबत जात नाहीत. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात जॉन ॲस्पिनॉल यांनी उभारलेल्या हाउलेट्स प्राणिसंग्रहालयात कीपर आत जाऊन खेळत, तो मोठा अपवाद होता.

माणसाचे आजार गोरिलाला लागतात का?

सर्दी, फ्लू, गोवर, क्षय, सगळं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगो सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाल्याचं निष्पन्न झालं. महाकाय वानरांमधली ती पहिली पक्की नोंद. त्यातला ४८ वर्षांचा विन्स्टन हा नर बराच आजारी झाला आणि त्याला प्रतिपिंडांचं औषध द्यावं लागलं. सगळे बरे झाले. पुढे त्याच संस्थेच्या सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयातल्या काही वानरांना प्राण्यांसाठी बनवलेली लस दिली गेली. कीपर खोकत असेल तर त्या दिवशी त्याला गोरिलांकडे फिरकू देत नाहीत. काच असते ती तुमच्या सुरक्षेइतकीच त्यांच्याही.

आईने पिल्लाला जवळ घेतलं नाही तर?

हे पूर्वी फार व्हायचं, कारण माणसांनी बाटलीवर वाढवलेल्या माद्यांनी आईपण पाहिलेलंच नसायचं. त्या पिल्लांनाही मग माणसंच वाढवायची, आणि चक्र चालूच. कोलोसुद्धा माणसांत, बाळासारखे कपडे घालून वाढली. आता कीपर पिल्लाला चोवीस तास अंगावर घेतात, पण गोरिला होऊन. २०१३ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या ग्लॅडिस या पिल्लाला अमेरिकेतल्याच सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात आणलं, तेव्हा कीपर काळी केसाळ जाकिटं घालून, तिला पाठीवर घेऊन, चारी पायांवर चालत, गोरिलासारखं हुंकारत. शेजारच्या जाळीपलीकडे खरे गोरिला. काही महिन्यांत एखादी मादी तिला पोटाशी घेईल हा बेत होता, आणि तसंच झालं. चार वर्षं माणसांत काढलेलं पिल्लू कळपात घालणं याच्या कितीतरी पट अवघड.

आवारात मूल पडलं तर गोरिला मारतो का?

तीन घटना नेहमी सांगितल्या जातात. १९८६ मध्ये जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा मुलगा आत पडून बेशुद्ध झाला. जांबो हा सिल्व्हरबॅक त्याच्याजवळ बसला, पाठीवरून हात फिरवला. १९९६ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्डमध्ये बिंटी जुआ या मादीने, स्वतःचं पिल्लू पाठीवर असताना, पडलेल्या तीन वर्षांच्या मुलाला उचलून कीपरच्या दारापाशी नेऊन ठेवलं. ती स्वतः माणसांनी वाढवलेली. पिल्लू कसं धरायचं हे तिला बाहुली देऊन शिकवलं होतं. आणि २८ मे २०१६ रोजी सिनसिनाटीत १७ वर्षांच्या हरांबे या नराला गोळी घातली गेली. त्याने आत पडलेल्या मुलाला खंदकातल्या पाण्यातून ओढत नेलं होतं.

‘भुलीचं इंजेक्शन का मारलं नाही?’ हे तेव्हा सगळ्या जगाने विचारलं. सुई लागल्यापासून भूल चढायला काही मिनिटं जातात, आणि टोचल्याने बिथरलेला नर त्या मिनिटांत काय करेल याची हमी कोण देणार? निर्णय दुःखद होता, पण तो घेणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय होता असं मला वाटत नाही. खरा सवाल कठड्याचा होता. तो नंतर उंच केला गेला.

खंदकात पाणी का ठेवत नाहीत?

गोरिला पोहत नाही. पाण्याच्या खंदकात पडून बुडालेली वानरं अनेक आहेत. म्हणून आता कोरडे खंदक, काच किंवा जाळी. आणि पाणी असलं म्हणजे नर पलीकडे येणारच नाही, हेही खरं नाही. पुढचा प्रश्न पाहा.

गोरिलाच्या डोळ्यांत पाहू नये म्हणतात, ते का?

रोखून बघणं त्यांच्यात आव्हान असतं. मे २००७ मध्ये रॉटरडॅममध्ये बोकिटो हा नर पाण्याचा खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने एका बाईला गंभीर जखमी केलं. ती त्याला भेटायला नेहमी यायची, नजरेला नजर द्यायची, आणि तो आपल्याकडे पाहून हसतो असं तिला वाटायचं. दात दिसले म्हणजे हसू, हा माणसाचा हिशेब. नंतर एका डच विमा कंपनीने पुठ्ठ्याचे चष्मे वाटले, ज्यांवर बाजूला बघणारे डोळे छापलेले होते! विनोद म्हणून ठीक.

काच ठोकणं, छाती बडवून दाखवणं हेही त्यातलंच. आणि फोन दाखवू नका. २०२२ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्कमधला अमारे हा तरुण नर लोकांच्या फोनवरचे व्हिडिओ पाहण्यात इतका गुंग व्हायला लागला, की दुसरा नर अंगावर धावून आला तरी त्याला पत्ता नाही. काचेपासून काही फुटांवर दोर बांधून प्रेक्षकांना मागे सरकवावं लागलं.

त्यांना जंगलात सोडून का देत नाहीत?

इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलांचं एक कुटुंब गॅबनमध्ये नेऊन २०१४ मध्ये मोकळं केलं गेलं. थोड्याच काळात त्यातल्या अनेक माद्या मेलेल्या सापडल्या. पिढ्यानपिढ्या काचेमागे वाढलेल्याला जंगल येत नाही. आफ्रिकेतच पकडली गेलेली, तस्करांकडून सोडवलेली पोरकी पिल्लं मात्र काँगो आणि गॅबनमध्ये टप्प्याटप्प्याने सोडली गेली, आणि त्यातल्या काहींना तिथे पिल्लंही झाली.

तस्करीचं एक प्रकरण ठाऊक असावं. २००२ मध्ये चार गोरिला पिल्लं खोट्या कागदपत्रांवर नायजेरियातून मलेशियातल्या ताइपिंग प्राणिसंग्रहालयात पोहोचली. बोभाटा झाला, ती २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेली, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २००७ मध्ये कॅमेरूनमधल्या लिंबे वन्यजीव केंद्रात परतली. प्राणी एका दिवसात विमानाने नेता येतो, परत आणायला पाच वर्षं लागतात.

जंगलात पश्चिमी गोरिला २०१३ च्या सुमारास सुमारे तीन लाख साठ हजार होते. ऐकायला भरपूर. पण वर्षाला पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घटत होते: शिकार, इबोला आणि जंगलतोड. त्यावर उपाय तिथेच करावा लागेल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने १९९९ मध्ये काँगोचं गोरिला दालन उघडलं, तेव्हा त्याचं वेगळं तिकीट ठेवलं आणि ते पैसे आफ्रिकेतल्या कोणत्या कामाला जावेत हे प्रेक्षकाने निवडायचं, अशी सोय केली. आपल्याकडेही हे करता येईल.

गोरिला किती वर्षं जगतो?

जंगलात पस्तीस-चाळीस. बंदिवासात पन्नाशी ओलांडणारे बरेच आहेत. बर्लिनची फाटू १९५९ मध्ये तिथे आली. २०२५ मध्ये तिचा ६८वा वाढदिवस झाला. म्हातारपणी दात जातात, सांधे धरतात, म्हणून तिला मऊ शिजवलेल्या भाज्या आणि तरुणांच्या धसमुसळेपणापासून वेगळी जागा दिलेली होती.

मला खासगीत गोरिला पाळता येईल का?

नाही.

म्हैसूरला जायचं आहे. कधी जावं?

सकाळी, दार उघडल्याबरोबर. तेव्हा ते खात असतात आणि गर्दी कमी असते. दुपारी बहुधा पाठच दिसेल. एका जागी अर्धा तास गप्प उभं राहा. पाच मिनिटांत ‘काहीच करत नाही’ म्हणून निघून गेलेल्यांना खरोखरच काही दिसत नाही. मंगळवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं.